न भरणारा कप्पा

सत्तरी ओलांडली तरी गल्लीत सगळे त्यांना धाकटेच म्हणत, कारण भिंतीपलीकडे थोरले भाऊ राहत होते. एकच घर, मधोमध भिंत, दोन दारं. आई गेली त्या दिवशी चार पाहुण्यांसमोर थोरले म्हणाले, "सगळं उरकल्यावर आलास, बरं केलंस." धाकट्यांनीही तोंड सोडलं. तेव्हापासून जो अबोला धरला, तो धरलाच. मधल्या काळात दोघांच्याही बायका गेल्या, तरी हे दोघे आपले ताठच. कुणी समजवायला गेलं तर दोघांकडून एकच उत्तर यायचं, "त्याने आधी बोलावं."

भिंत मात्र नावालाच भिंत होती. लाकडी चौकट, दोन्ही बाजूंनी पातळ फळ्या आणि आत पोकळ. पहाटे पलीकडचा नळ सुटला की धाकटे उठत. रात्री थोरल्यांनी दिवा मालवल्याचा खटका ऐकला की मग कुठे यांना झोप लागे. एकदा थोरले आजारी पडले, दिवसभर पलीकडे भांडं वाजलं नाही, तर हे इकडे नुसत्या येरझाऱ्या घालत होते. विचारायला गेले का? छे! नावच नको.

दर रविवारी लांबच्या शहरातून लेकीचा फोन यायचा. जेवलात का, औषध घेतलंत का, एवढं झालं की धाकट्यांकडे बोलायला दुसरं होतं काय? मग ते थोरल्यांच्या नावाने खडे फोडत. "अगं, काय ते याचं खाकरणं! डोकं उठतं माझं." लेक हळहळायची आणि फोन थोडा लांबायचा. तेवढ्यासाठीच सगळी कटकट चालायची, पण ती बिचारी खरं धरून बसली.

एका रविवारी ती मोठ्या आनंदाने म्हणाली, "बाबा, तुमच्या भिंतींचा बंदोबस्त केलाय मी." भिंतीला भोकं पाडून आत सेल्युलोज भरणार होते, म्हणजे जुनी वर्तमानपत्रं दळून केलेला कापसासारखा भुगा. बाहेरच्या भिंतीत भरला की ऊब टिकते, मधल्या भिंतीत भरला की पलीकडचा आवाज बंद. म्हणजे पहाटेचा नळ गेला, रात्रीचा खटकाही गेला. पण इतकी वर्षं गाऱ्हाणं गायल्यावर आता नको म्हणायचं ते कोणत्या तोंडाने?

"बरं केलंस गं," ते म्हणाले.

माणसं आली. एक जण बाहेर गाडीपाशी यंत्रात पोती ओतत होता आणि दुसरा, भलताच बोलका कारागीर, जाड नळी घेऊन घरात वावरत होता. बाहेरच्या भिंती झाल्या, मग मधलीची पाळी आली.

"काका, आत असे उभे कप्पे असतात," तो म्हणाला. "प्रत्येकाला एक भोक. कप्पा भरत आला की यंत्राचा आवाज जड होतो. तो ऐकायचा आणि पुढे सरकायचं. यात बोरॅक्स घातलेला असतो, त्यामुळे उंदीर-झुरळंही फिरकत नाहीत."

मध्ये यंत्र थांबलं की धाकटे कान द्यायचे. पलीकडचं घर कप्प्याकप्प्याने लांब चाललं होतं. बास करा, असं ओरडावं वाटत होतं त्यांना. पण ओरडून सांगणार काय? ते चहा गार करत बसून राहिले.

शेवटच्या कप्प्याशी कारागीर अडला. "हा भरतच नाही हो! पोत्यामागून पोतं गिळतोय. पलीकडे कुठेतरी फळी फुटलेली असणार. चला काका, शेजारी जाऊन बघू."

इतक्या वर्षांनी धाकट्यांनी ते दार वाजवलं. थोरल्यांनी उघडलं. डोक्यापासून पायापर्यंत करडे झाले होते, भुवयांवरसुद्धा भुगा होता. किती वाळलाय हा, धाकट्यांच्या मनात आलं. थोरले बाजूला झाले.

आतल्या खोलीत मधल्या भिंतीला लागून असलेल्या मोठ्या कपाटातून भुगा ओसंडून जमिनीवर आला होता. कारागिराने हाताने तो उपसला. कपाटात एकही फळी नव्हती, कपडे नव्हते. होती एक बुटकी खुर्ची, तिच्यावर बसून बसून चपटी झालेली उशी, आणि बसल्यावर जिथे कान येईल तिथे भिंतीत करवतीने कापलेला चौकोन. भुगा आला तेव्हाही थोरले तिथेच बसले होते.

धाकट्यांना उलगडा झाला. म्हणजे याने रविवारचे सगळे फोन ऐकले होते. ते खाकरण्याचं रडगाणंही. गेलं वर्षभर खाकरणं कमी झालं होतं, आणि यांना वाटत होतं, दादाची तब्येत सुधारली.

"उंदीर," थोरले कारागिराकडे बघत म्हणाले. "उंदरांनी कुरतडलंय."

"हो ना," धाकटेही कारागिराकडेच बघत म्हणाले. "उंदीर फार झालेत हल्ली."

कारागिराने चौकोनाच्या कडेवरून बोट फिरवलं. कड पॉलिश पेपरने घासलेली होती. "असेल," तो म्हणाला. "मग फळी ठोकून भरून टाकू, की हा एक कप्पा राहू दे?"

थोरल्यांनी भुवयांवरचा भुगा पुसला.

"त्याला विचारा," शेवटी थोरले म्हणाले. "आवाजाचा त्रास त्याला होतो." आणि त्यांनी पहिल्यांदा भावाकडे सरळ बघितलं.

राहू दे, एवढंच म्हणायचं होतं. पण राहू दे म्हणजे तुझी चोरी पकडली, असं दादाच्या तोंडावर म्हटल्यासारखं. परक्या माणसासमोर त्याची कशाला शोभा करायची? धाकट्यांनी मोठ्या मनाने विषय मिटवला.

"बंद करा," ते म्हणाले.

थोरल्यांचा चेहरा असा उतरला की धाकट्यांना तिथल्या तिथे कळलं, आपण घोळ घातला. पण तोवर कारागीर फळी आणायला निघाला होता, आणि थोरले पाठ फिरवून अंगावरचा भुगा झटकत होते.

संध्याकाळी घर छान ऊबदार झालं. धाकटे मधल्या भिंतीपाशी उभे राहिले. दार शेजारीच होतं, पण दारातून हाक मारायची हिंमत काही होईना. त्यांनी फळीला तोंड लावलं आणि म्हणाले, "दादा." मग जरा मोठ्याने म्हणाले. मग मूठ आपटून, गळा फाडून ओरडले.

कारागिराने काम अगदी चोख केलं होतं.