मालकीणबाईंचा तीन रात्रींचा मुक्काम

जपानहून तोमिए-सान येणार असल्याचं पत्र आलं, त्या दिवसापासून आदिनाथला एका जागी बसवेना. पुसलेल्या चटया तो पुन्हा पुसायचा, न्हाणीघरातला हौद रिकामा करून पुन्हा भरायचा. जेवताना मध्येच उठून दाराच्या फळीला तेल लावायचा.

कुसगावात वडिलांच्या शेताच्या वरच्या तुकड्यावर त्याने चार खोल्यांचं जपानी पद्धतीचं विश्रामगृह बांधलं होतं. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत आलेले जपानी इंजिनियर सुट्टीला तिथे येऊन राहत. चपला दारातच काढायच्या. खोलीत पलंग नाही, पेंढ्याच्या जाड चटया. पाहुणा संध्याकाळी न्हायला गेला की मागून त्याची गादी अंथरून ठेवायची. आई, अंबूबाई, स्वयंपाकघर बघायची आणि बायको कोमल पाहुण्यांचं हवं-नको. मावळातला चिकट इंद्रायणी भात समोर आला की ती परकी माणसं एकदम घरची होऊन जेवत.

हे सगळं आदिनाथ शिकला तोमिए-सानकडे. जपानातल्या एका डोंगरी गावात त्यांच्या घराण्याचं असंच विश्रामगृह होतं आणि तिथे त्याने सहा वर्षं काम केलं होतं. तिथे सगळे त्यांना 'ओकामी-सान' म्हणत, म्हणजे मालकीणबाई. त्यांना मूलबाळ नव्हतं. एकदा कपबश्या पुसता पुसता त्या म्हणाल्या होत्या, "माझ्यानंतर हे तू बघशील?" आणि तो हो म्हणून गेला होता.

मग वडील गेले. "तेराव्यानंतर येतो," असं सांगून तो निघाला, तो परत गेलाच नाही. आई एकटी पडली होती, हे खरं. पण तसं कळवायचं धाडसही त्याला झालं नाही. नुसतं खुशालीचं एक कार्ड पाठवलं, चार ओळींचं. पुढे कुणा इंजिनियरकडून कळलं, की तोमिए-साननी ते विश्रामगृह बंद केलं. ते आपल्यामुळेच, असं तो धरून बसला.

आणि आता सात वर्षांनी, शहात्तर वर्षांची ती बाई एकटी विमानात बसून येत होती. पत्रात एवढंच होतं : 'तुझ्याकडे तीन रात्री राहायचं आहे.'

"रागवायला येतायत असं वाटतंय तुम्हाला?" कोमलने विचारलं.

"रागवल्या तर बरं होईल," तो म्हणाला.

त्या आल्या त्या जानेवारीतल्या एका दुपारी. पूर्वीपेक्षा बऱ्याच वाकल्या होत्या. दारात चपला काढून त्यांनी स्वतःच वळवून नीट लावल्या. आदिनाथ गुडघ्यांवर बसून वाकला, त्यांनीही वाकून नमस्कार केला. कोमलने चहा आणि भाजणीचे वडे पुढे ठेवले. चहा संपेपर्यंत त्या भिंती, चटया, खिडकीबाहेरचा डोंगर बघत राहिल्या. आदिनाथ त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"छान आहे," त्या म्हणाल्या. बस, तेवढंच.

त्या दिवशी त्या न्हाल्या, जेवल्या, झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शेताच्या बांधावरून फिरून आल्या. तो परत न गेल्याबद्दल चकार शब्द नाही. आदिनाथने दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. एकदा म्हणाला, "ओकामी-सान, मी तेव्हा..." आणि त्या म्हणाल्या, "भात तुझ्या आईने केला का? फार चांगला झालाय." मग त्याने त्यांना आणखी भात वाढला.

दुपारी अंबूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तोमिए-सान तिच्यासमोर येऊन गुडघे दुमडून बसल्या आणि त्यांनी आदिनाथला हाक मारली.

"मला तुझ्या आईशी बोलायचं आहे. मी सांगेन तसं तिला सांगशील?"

"सांगतो."

त्या बोलायला लागल्या. सावकाश, आधी पाठ करून आल्यासारख्या. आणि आदिनाथच्या पायाखालची जमीन सरकली.

त्याचं कारण कळायला थोडं मागे जायला हवं. महिपतींच्या, म्हणजे आदिनाथच्या वडिलांच्या, छातीत कळ आली तो सोमवार होता. चुलतभाऊ संदेश बारावी शिकलेला. आदिनाथचा मोबाइल लागेना, म्हणून त्याने जपानला विश्रामगृहाच्या नंबरवर फोन केला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की बाप दवाखान्यात आहे, लगेच पाठवा. महिपती दीड दिवस दाराकडे डोळे लावून होते. मंगळवारी संध्याकाळी ते गेले. आदिनाथ पोचला बुधवारी सकाळी. त्याला निरोप मिळाला होता मंगळवारी दुपारी. तोमिए-सान म्हणाल्या होत्या, 'आत्ताच फोन आला.' त्यामुळे त्याने सगळ्या भावकीसमोर संदेशची गचांडी धरली होती. सोमवारी फोन केला म्हणतोस, खोटारड्या, दुसऱ्या दिवशी आठवण झाली तुला! तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. अंबूबाईला मात्र आतून वाटत राहिलं, की संदेश खोटं बोलणारा पोर नाही, आपल्याच लेकाने कामापायी उशीर केला. एकदा भांडणात ती तसं बोलूनही गेली होती.

आणि आता तोमिए-सान सांगत होत्या, की फोन सोमवारीच आला होता.

"तो पानं लाल होण्याचा हंगाम होता. सगळ्या खोल्या भरलेल्या. स्वयंपाकी आजारी होता आणि आदि एकटा चुलीपाशी होता. मला 'फादर' आणि 'हॉस्पिटल' हे दोन शब्द कळले. मी मनात म्हटलं, उद्या पाहुणे गेले की सांगू. एका दिवसाने काय होतं? दुसऱ्या दिवशी त्याला मी खोटं सांगितलं. तो परत आला नाही, ते बरोबरच झालं. मला वाटलं त्याला कळलंय."

एवढं बोलून त्या थांबल्या.

"काय म्हनती?" अंबूबाईने विचारलं.

"अप्पा गेले त्याचं वाईट वाटलं म्हणतात."

अंबूबाईने सूप खाली ठेवलं. "ती येवढं बोलली आन् तू येवढंच सांगतूस? तुझं थोबाड बघ जरा कसं झालंय. समदं सांग."

त्याने सगळं सांगितलं. अंबूबाई तांदळाकडे बघत ऐकत होती.

"म्हंजी संद्या खरं बोलत व्हता," ती म्हणाली.

"व्हय."

"आन् तूबी."

आदिनाथ ओट्यावर पडलेले तांदळाचे दाणे वेचू लागला.

तोमिए-साननी विचारलं, "काय म्हणाल्या?" तो दाणे वेचतच राहिला. अंबूबाईच म्हणाली, "तिला सांग, मला आत्ता काय म्हनावं त्ये सुचत न्हाई. येक दिस आधी आला असता तर बापल्योकाची गाठ पडली असती. ह्ये इसरनं व्हनार न्हाई. पन येवढ्या लांबून तोंडानं सांगाया आली, त्येबी खरं हाये. तिला म्हनावं, ऊन आलंय, आत बस."

आदिनाथने ते सांगितलं आणि उठून मागच्या अंगणात गेला. बंबासाठी लाकडं फोडायला घेतली. गरजेपेक्षा कितीतरी जास्त फोडली. सात वर्षं तो या बाईचा गुन्हेगार म्हणून जगत होता. आता रागवावं म्हटलं तर डोळ्यांसमोर त्यांची वाकलेली पाठ येई, आणि सोडून द्यावं म्हटलं तर दवाखान्याच्या दाराकडे बघणारे अप्पा. संध्याकाळी त्यांची गादी घालायला तो गेला नाही. कोमलने घातली.

"उद्या निघू का मी?" तोमिए-साननी जेवताना विचारलं.

"मुक्काम तीन रात्रींचा आहे," तो ताटाकडे बघत म्हणाला. "पूर्ण करा."

सकाळी तो कुणाला न सांगता मोटारसायकल काढून कामशेतला गेला. बाजारपेठेत संदेशचं तांदळाचं दुकान होतं. गेली सात वर्षं आदिनाथ त्या गल्लीतून जात नसे. संदेश पोत्याचं तोंड शिवत होता. त्याने वर बघितलं आणि पुन्हा खाली मान घातली.

"फोन तू सोमवारीच केला होतास," आदिनाथ म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"जिनं उचलला तिनं. माझ्या घरी आहे ती." त्याने सगळं सांगितलं. "चुकलं माझं, संदेश."

संदेशने टाका घट्ट ओढला. "सोमवारी केला, सोमवारी केला, असं मी बोंबलून सांगत व्हतो. भावकीत कुणी खरं मानलं न्हाई. लग्नाकार्याला लोक हसून म्हनायचे, संद्या, निरोप नीट दे रे." त्याने दोरा तोडला. "माझा बा गेला तवा तू दहाव्याला पन आला न्हाईस."

"नाही आलो."

"मग आता काय? गळ्यात पडू?"

"नको. तेवढं सांगायला आलो होतो."

"सांगितलंस. जा आता." आणि तो गिऱ्हाइकाकडे वळला.

आदिनाथ परतला. दिवसभर त्याचं कशात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी मात्र तो तोमिए-सानच्या खोलीत गेला, गादी अंथरली, चादरीच्या कडा त्यांनीच शिकवल्या होत्या तशा दुमडल्या. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

"मीही हो म्हणून परत आलो नाही," तो पाठमोराच म्हणाला. "त्याची माफी मागायची राहिली आहे."

"त्यामुळे काही विश्रामगृह बंद पडलं नाही," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे गेले म्हणून पडलं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण तू म्हणालास, बरं वाटलं."

चौथ्या दिवशी सकाळी त्यांना मुंबईला न्यायला गाडी आली. सगळे अंगणात उभे असताना फाटकाशी मोटारसायकल थांबली. संदेश होता. तो आत आला नाही, तिथूनच म्हणाला, "हीच का ती?"

आदिनाथने तोमिए-सानना सांगितलं, तो फोन यानेच केला होता. त्या पुढे गेल्या आणि फाटकाबाहेरच्या मातीत गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लागेल इतक्या खाली वाकल्या. रस्त्याने चाललेली दोन माणसं थबकली. संदेश गडबडून गेला.

"आरं, उठीव तिला! म्हातारं मानूस हाये!" तो ओरडला आणि आदिनाथ पोचायच्या आत त्यानेच दोन्ही दंडांना धरून त्यांना उभं केलं. त्यांच्या गुडघ्यांवरची माती झटकावी की नाही, हे त्याला कळेना. शेवटी त्याने त्यांना हाताला धरून गाडीपर्यंत नेलं आणि दार उघडून दिलं.

गाडी वळणाआड गेली. आदिनाथला वाटलं, संदेशही आता निघेल. पण तो तिथेच उभा होता, हात पँटला पुसत.

"संद्या," अंबूबाई ओट्यावरून म्हणाली, "च्या टाकलाय."

"मी हितंच पितो, काकी," तो म्हणाला आणि फाटकाच्या दगडावर बसला. आदिनाथ दोन कप घेऊन बाहेर आला आणि त्याच दगडाच्या दुसऱ्या टोकाला बसला. संदेशने त्याच्या हातातला एक कप घेतला.