आठव्या गाण्याची श्रद्धांजली

पुण्या-मुंबईचे पत्रकार आता माह्या पोरीले फोन करतेत अन् विचारतेत, अल्बमच्या आठव्या गाण्यात एवढी शांतता आणली कशी? वर्षाली हासते, पण सांगत नाई. म्हणून मीच सांगतो. मी शालिकराम, तिचा बाप. अन् त्या दिवशी खोटं बोललो तोही मीच.

वर्षालीचा रॉक बँड हाय, ‘ढेकूळ’ नावाचा. ती गाते, देवानंद ड्रम बडवते, अन् कुलदीप गिटारही वाजवते अन् लॅपटॉपवर रेकॉर्डिंगही करते. अकोल्यात जठारपेठेत खोली घेतली होती त्याइनं, पण दर गाण्यात ऑटोचा भोंगा ये. संक्रांतीले वर्षाली घरी आली. आमची मोठी खोली छतापर्यंत कापसानं भरलेली, काहून की मी भाव वाढाची वाट पाहून राहिलो होतो. तिनं दारापाशीच उभं राहून एक टाळी वाजवली. आवाज तिथंच मेला.

‘बाबा, स्टुडिओ त घरातच हाय!’

झालं! महिनाभर ते तिघं कापसात बीळ करून बसले अन् सात गाणे केले. खाजवू खाजवू देवानंदचे हात सुजले, पण म्हणे खाजेनं ड्रमले भल्ला जोर येते.

आठवं गाणं बाकी होतं अन् अल्बम काढणाऱ्या पुण्याच्या कंपनीनं सांगितलं, आज संध्याकाळपर्यंत अख्खा अल्बम पाठवा, नाईतर तुमच्या जागी दुसरा बँड. नेमका त्याच सकाळी अकोटात भाव चढला. चार महिने वाट पाहिली त्याची, मी आता थांबतो काय? ट्रॉली भरून टाकली. रिकाम्या खोलीत गाणं टिनाच्या पिपावानी घुमे. पोरगी रडाले लागली.

‘रडू नको बाप्पा,’ म्हटलं, ‘ट्रॉलीत बसा.’

तिघंही ड्रमसकट कापसात गाडले गेले. अकोटच्या मार्केटात रांगेत लागलो अन् ट्रॅक्टर बंद केला. हर्रास सुरू होती. व्यापारी एकेका गाडीपाशी येत, मूठभर कापूस ओढून पाहत अन् बोली लावत. तेवढ्यात कापसातून वर्षालीचं डोकं निघालं.

‘बाबा, बाकीच्या ट्रॅक्टरची घरघर आत येऊन राहिली. चार मिनिटं सारं बंद करा ना!’

सारं मार्केट बंद करा म्हणते! अन् माह्या तोंडातून काय निघावं? मी ट्रॅक्टरवर चढून बोंबललो, ‘श्रद्धांजली! इंजिनं बंद करा!’

गंमत पाहा, कोण मेलं ते कोणी विचारलंच नाई. आपल्यालेच कसं माईत नाई, म्हणून विचाराले लाज वाटते ना माणसाले. टोप्या उतरल्या, माना खाली गेल्या, सारे ट्रॅक्टर चूप. दोन मिनिटं झाले तशी चुळबुळ सुरू झाली.

‘मोठा माणूस होता,’ मी दबक्या आवाजात म्हटलं. ‘चार मिनिटं उभं राहा.’

मांगून कोणीतरी कुजबुजलं, ‘रामराव गेले म्हणतेत.’ एक जण हुंदके देऊन रडाले लागला. आमच्या गावचे रामराव त्याच्याच बाजूले टोपी काढून उभे होते. तेही डोळे पुसून राहिले होते.

मले मात्र आतलं काईच ऐकू येत नव्हतं. ट्रॉली तेवढी हालून राहिली होती.

चार मिनिटानं वर्षाली उडी मारून बाहेर आली. ‘झालं बाबा! गाणं झालं!’ सारे माह्याकडे पाहाले लागले. रामरावले त्या रडणाऱ्यानं चिमटा काढून पाहिला. व्यापारी भडकला, ‘कोणाची श्रद्धांजली होती हो?’ मी खरं सांगून टाकलं. मंग ज्या शिव्या बसल्या त्या इथं सांगत नाई.

‘तुमची गाडी रद्द,’ व्यापारी म्हणे. ‘न्या वापस घरी.’

रामराव मधात पडले. ‘थांबा हो, मी ज्याच्यासाठी मेलो ते गाणं त ऐकू द्या!’

कुलदीपनं लॅपटॉपवर लावलं. माह्या पोरीचा आवाज आला:

थांब म्हणे बाप, थांब म्हणे बाप,
कापूस झोपला खोलीत
अन् माय झोपली वसरीत!

मार्केट हासू हासू लोळलं. माह्यावर गाणं! तेही माह्याच कापसात बसून! राग आला, लय आला. पण कुलदीपनं पुन्हा तीच ओळ वाजवली अन् मले डोळ्यापुढं सत्यभामा दिसली, माही बायको. खोलीत जागा नाई म्हणून हिवाळाभर बाहेर उघड्या वसरीत गोधडी ओढून झोपली, मले एका शब्दानं बोलली नाई. पोरीनं ते पाहिलं होतं. मी रोज झोपलेल्या बायकोले ओलांडून खोलीत जाऊन कापूस पाहून ये.

मी व्यापाऱ्यापाशी गेलो अन् हात जोडले.

‘पाहिजे त्या भावात घ्या,’ म्हटलं, ‘पण ह्यातला मूठभरही कापूस मी घरी वापस नेत नाई.’