आजीबंदीचं कलम

नवा कायदेशीर शब्द कानावर पडला की तो कुठेतरी वापरल्याशिवाय मला चैन पडत नाही. बुलढाण्याच्या कोर्टात नवरा-बायकोचे दावे चालवणारे आम्ही पुष्कळ. पण वेबिनार ऐकून दुसऱ्याच दिवशी अर्जात 'पेरेंटल एलिएनेशन' लिहिणारा मी एकटाच. म्हणजे आई किंवा बापाविरुद्ध लेकराचं मन कलुषित करणं. शब्द मिळाला होता, आता फक्त आरोपी हवा होता.

तो चांगुणाबाईंच्या रूपाने मिळाला. माझा अशील प्रसेनजित चाकणला कारखान्यात. घटस्फोटाचा दावा लागल्यापासून बायको सुवर्णा अमडापूरला माहेरी, आणि पाच वर्षांची महामाया तिच्याजवळ. कोर्टाने बापलेकीला दर रविवारी व्हिडिओ कॉल ठरवून दिला होता. पण त्या घरात फोन काही एकट्याचा नसतो. वाजला की जो तो डोकावतो. चांगुणाबाई, म्हणजे महामायेची आजी, नातीला मांडीवर घेऊन बसायच्या आणि तिला भरवता भरवता जावयाला टोमणे मारायच्या.

"वाळले बापा तुमी! पुन्यात खायले नाई भेटत का?"

मी लगेच ताडलं: एलिएनेशन! प्रसेनजित म्हणाला, "जाऊ द्या ना सर, म्हातारं मानूस हाय." पण अशिलाला काय कळतं? मी अर्ज ठोकला, घसा बसेपर्यंत युक्तिवाद केला आणि आदेश मिळवला: कॉल चालू असताना मुलीजवळ तिसरं कोणी नको. त्या दिवशी वकिलांच्या बाररूममध्ये चहा मीच पाजला.

चांगुणाबाईंनी तो आदेश फारच इमानदारीने पाळला. फोन डब्याला टेकवायचा, नातीला समोर बसवायचं आणि घरच्या सगळ्यांनी दार ओढून अंगणात जायचं. कोर्टाचा हुकूम! आणि महामाया मुकी झाली. मान खाली घालून फ्रॉकची लेस ओढत बसायची. पुढे पुढे तर फोन लागला की रडायलाच लागली.

"सर, पोरगी मले इसरून राह्यली," प्रसेनजित म्हणाला. "आधी बोलत तरी होती."

हे ऐकलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पोर आजीच्या मांडीवर बसून बापाशी बोलत होती, आणि ती मांडीच मी काढून घेतली होती. फार लाज वाटली.

सुवर्णाच्या वकिलांना भेटून ते आजीबंदीचं कलम काढायला दोन्ही बाजूंच्या संमतीचा अर्ज दिला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "वकीलसाहेब, हे तुम्हीच मागितलं होतं ना?"

"होय," मी म्हणालो. एवढा आखूड युक्तिवाद मी आयुष्यात केला नव्हता.

कलम निघालं. तारखेला आलेला प्रसेनजित रविवारपर्यंत थांबला आणि त्याने कॉल माझ्या ऑफिसातूनच लावला. मी स्क्रीनवर दिसणार नाही असा बाजूला बसलो. कौतुक ऐकायची हौस, दुसरं काय. पलीकडे चांगुणाबाई, मांडीवर महामाया, हातात वरणभाताची ताटली. महामायेने घास गिळला आणि बापाला विचारलं.

"बाबा, तुमी माह्या आजीले भायेर काऊन हाकलत होते?"

प्रसेनजितने नुसतं बोट माझ्याकडे दाखवलं असतं, तरी तो सुटला असता. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चुकलं वं माय माह्यं," तो म्हणाला. "आता नाई हाकलनार."