येसाजींचं रताळं

"पृथ्वीला आता रताळंच वाचवील," असं पोशीरच्या येसाजींनी जाहीर केलं, तेव्हा ते गुडघाभर शेणात उभे होते आणि त्यांचा एक पाय निघता निघत नव्हता.

मोहोपाड्याच्या केमिकल कंपनीत तीस वर्षं काढून रिटायर झालेला माणूस. आपल्या शेतात रसायनाचा कणही पडणार नाही, ही त्यांची शपथ. शेणखत, गोमूत्र, गूळ असा जावयाला करावा तसा वेलांचा पाहुणचार चालला होता.

"अवो, वरच एवढं खायला मिळालं तर वेल खाली रताळी कशाला धरतील?" बायको बायजा म्हणाली.

येसाजी हसले. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी त्यांनी अख्खी आळी काढणी बघायला बोलावली.

दाट माजलेला पाला बाजूला सारला, तर कुदळीखाली करंगळीएवढी मुळं निघत गेली.  शेवटी बांधाचा कोपरा उकरला, जिथे शेणखताची एकच पाटी पडल्यावर बायजाने त्यांचा हात धरला होता. तिथून नारळाएवढं रताळं निघालं.

"हे आमचं सेंद्रिय," येसाजी ते दोन्ही हातांनी उंच धरून म्हणाले.

"एकच पाटी घातली हाय तिथं," बायजा म्हणाली.

"तीच लागू पडली."

आळीने टाळ्या वाजवल्या. येसाजींची छाती फुगली. तेवढ्यात ठाकूरवाडीची चिंधी पुढे आली. "दादा, ह्यो सगळा पाला शेळ्यांना नेऊ काय?"