बुधवारचा उपास

मपल्या पोरीनं, वर्षाराणीनं, मला फोन करायचा सोडला त्याला बावीस दिवस झाले. चूक मपलीच. ती रोज दुपारी पुण्याहून विचारायची, "अण्णा, जेवलात का?" आन् त्या दिवशी मी खेकसलो, "म्हातारा मेला का न्हाई ते बघाय फोन करतीस व्हय? नको करत जाऊ!" तिनं गपचिप ठेवला. उद्या करील म्हणून मी वाट बघत बसलो. न्हाई केला. मीबी न्हाई केला. बापाचा ताठा, दुसरं काय!

मी पंडित. चौसाळ्यात हायवेवरच्या कुठल्याबी टपरीवर विचारा, वळखतील. तीस वर्षं आमदारसाहेबांच्या मागं कार्यकर्ता म्हणून फिरलो. लगीन असो, तेरावं असो, सप्ता असो, साहेबांच्या शेजारी मपलं पान ठरलेलं. बायको साखराबाई दारात उभी राहून विचारायची, "आज जेवाय घरी हायत का?" मी गाडीला किक मारत म्हणायचो, "माझी वाट नको बघू, तू खाय." लई मोठा माणूस ना मी!

साहेब निवडणुकीत पडले आन् बोलावणी बंद झाली. गेल्या साली साखराबाईबी गेली. तिला उपासांचं लई. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. बुधवारीबी उपास! बुधवार कुण्या देवाचा, ते तिलाच ठाव. तिचं उद्यापन राह्यलं हुतं. म्हणलं, जिवंतपणी तिच्यासाठी काय केलं न्हाई, तिचे उपास तरी आपण पुरे करू. धरले सगळे.

उपासाच्या दिवशी चहा आन् केळ. उपास नसला त्या दिवशी चहा आन् बेकरीतलं कडक बटर. भाकर मला येत न्हाई. एकट्याच्या जिवासाठी शिकायची तरी कशाला? असं वरीसभर चाललं.

मग काय व्हायला लागलं, ते सांगायचीबी लाज वाटती. सकाळी अंथरूण सोडू वाटंना. उगंच डोळ्याला पाणी. कुणी हसलं तरी राग यायचा. शेजारची छबुबाई एकदा वांग्याचं कालवण घेऊन आली, तर मी म्हणलं, "मी काय भिकारी हाय का?" बिचारी वाटी घेऊन माघारी गेली. परत आली न्हाई. दिवसभरात माणसाचा आवाज म्हणून एक पोरीचा फोन हुता, तोबी मपल्याच तोंडानं घालवला. घर असं खायला उठायचं की मी दुपारचं स्टँडवर जाऊन बसायचो. जायचं कुठंच नसायचं.

परवा तिथंच चक्कर आली. लोकांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीनबाई वर्षाराणीच्याच वयाची. तिनं रक्त तपासाय घेतलं. आज कागद बघून म्हणली, "काका, रक्त लई कमी हाय, बी-ट्वेल्व्हबी कमी हाय. काल काय खाल्लं?"

"चहा-बटर."

"परवा?"

"उपास हुता."

तिनं पेन खाली ठेवलं. "गोळ्या देते. पण नुसत्या गोळ्यांनी भागणार न्हाई. भाकर, डाळ, पालेभाजी, दूध रोज पोटात गेलं पाहिजे, तेबी वेळेवर. पोटाची अशी आबाळ केली तर मन खचतं. रडू येतं, चिडचिड होती. पंधरा दिवसांनी या, तरी बरं न्हाई वाटलं तर बीडला मनाच्या डॉक्टरकडं पाठवते." मग गोळ्या लिहिता लिहिता म्हणली, "माझ्याकडं बाया लई येत्यात अशा. घरात एकट्या असल्या की सैपाकच करत न्हाईत. म्हणत्यात, उपास हाय."

मी घरी न जाता नीट छबुबाईच्या ओट्यावर गेलो. आदी वाटीबद्दल हात जोडले. मग विचारलं, "छबुबाई, साखरा बुधवारचा उपास कुणाचा धरायची?"

तिनं मला खाली बसवलं. मग म्हणली, "कुणाचा न्हाई, भाऊ. तुमी जेवाय नसले की एकटीसाठी तवा ठेवू वाटत न्हाई म्हणायची. घोटभर चहा घ्यायची. कुणी विचारलं की उपास हाय म्हणायची. हितं बसून रडायचीबी. कावून गं, म्हणलं, तर म्हणायची, ठाव न्हाई, उगंच रडू येतंय."

आन् मी? मी भरल्या पोटानं ढेकर देत घरात यायचो आन् तिला म्हणायचो, "कावून तोंड पाडून बसतीस सदा? काय कमी हाय तुला?" आरारारा! त्याच ओट्यावर मी पोरासारखा रडलो. छबुबाईनं पदरानं डोळे पुसले आन् न मागता पातेलंभर ज्वारीचं पीठ मपल्या हातात दिलं.

घरी आलो. पीठ चुलीजवळ ठेवलं आन् पोरीला फोन लावला. उचलंल का न्हाई, कुणाला ठाव. उचलला.

"वर्षे," म्हणलं, "जेवलीस का?"

हे मी तिला सबंद जन्मात पहिल्यांदा विचारलं.

ती म्हणली, "आज माझा उपास हाय, अण्णा."

भिंतीवर कॅलेंडर हुतं. मी बघितलं.

"जावई कुठं हायत?"

"ते कंपनीतच जेवत्यात. रोजच."

"वर्षे, आज बुधवार हाय बाई."

तिकडनं एकदम हुंदका आला. मायसारखाच, दाबलेला.

"रडू नको. ऊठ. तवा ठेव," मी म्हणलं. "फोन तिथंच गॅसपाशी ठेव. मीबी ठेवतो. मला भाकर येत न्हाई, तू सांग तसं करतो. आन् दोघं संगंच जेवू. उद्याबी. रोज."

ताटात पीठ घेतलं. तिकडं डबा उघडल्याचा आवाज आला.

"पाणी किती घालू?" मी विचारलं.

ती नाक ओढत म्हणली, "आदी हात धुवा, अण्णा."