आरशातला डावा कान

मामाच्या दुकानात दाढीला बसलेल्या माणसाला बोलावं लागत नसे. ते काम मामा करी. गिऱ्हाइकाने मान मागे टाकायची, डोळे मिटायचे आणि मधूनमधून ‘हं’ म्हणायचं, एवढंच. गळ्यावर वस्तरा फिरत असताना मध्ये कोण बोलणार? त्यामुळे मामाला आयुष्यात कुणी फारसं खोडून काढलं नव्हतं. अपवाद एकच, त्याची बायको.

दुकानाच्या मागे दोन खोल्यांचं घर होतं. मधल्या दारात उभी राहून ती म्हणायची, “अहो, चहा घ्या. आणि त्या बिचाऱ्याला सोडा आता, त्याची दाढी कधीच झालीय.” मामा तिच्याकडे वळून बघत नसे. समोर आरसा होता, आरशात दार होतं, दारात ती होती. वळायची गरजच काय?

या आरशानेच मामाला एक खोड लावली होती. समोर उभ्या माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडे असतो, हे त्याला शाळेत शिकवलं होतं. आरशातल्या माणसाला हा नियम लागू नाही, हे कुणी शिकवलं नव्हतं. दिवसभर आरशातली तोंडं बघून बघून ओळखीच्या सगळ्या माणसांचं डावं-उजवं त्याच्या डोक्यात उलटं बसलं होतं. एकदा बायकोची डावी दाढ दुखायला लागली, ठणक्याने तिला तोंड उघडवेना, तेव्हा दाताच्या डॉक्टरला मामाने छातीठोकपणे सांगितलं, “उजवी.” डॉक्टर पकड घेऊन उजवीकडे वळला तशी तिने आधी डॉक्टरला लाथ मारली आणि मग नवऱ्याला. घरी येताना गालावर हात धरून ती म्हणाली, “माझ्याबद्दल काही सांगायचं तर आरशात बघून सांगू नका. वळून बघत जा. मी मागेच असते.”

गेल्या थंडीत ती गेली. रुग्णालयात, झोपेत, कुणाला काही न सांगता. आयुष्यभर बोलणारी बाई जाताना एक शब्द बोलली नाही, ही गोष्ट मामाच्या मनातून जाईना. लोकांना वाटलं, आता मामाची टकळी बंद होणार. उलट ती वाढली. गप्प बसलं की त्याची नजर आरशातल्या दाराकडे जाई, आणि दार रिकामं असे.

अगदीच रिकामं नव्हतं म्हणा. मागच्या खोलीत बायकोचं शिवणयंत्र होतं आणि त्यावर आता तिची धाकटी बहीण, म्हणजे मामाची मेहुणी, गणवेश शिवायला येई. तिच्या स्वतःच्या घरात यंत्र ठेवलं असतं तर सासऱ्यांना उभ्याने झोपावं लागलं असतं. दोघी बहिणींनी त्याच खोलीत मिळून काम केलं होतं आणि मेहुणीचं पोट त्यावरच होतं.

अशात मामा ज्या चर्चला जाई, तिथल्या मंडळीच्या पाळकांचा घसा बसला. डॉक्टरांनी त्यांना बोलायची सक्त मनाई केली. उपदेशाला माणूस हवा म्हणून पंचांनी कुणाच्या तरी ओळखीने एक पाहुणा बोलावला. उंच माणूस, पांढरा शुभ्र शर्ट, कोरीव दाढी आणि आवाज असा की साधं ‘पाणी द्या’ म्हटलं तरी दोन बायका आमेन म्हणायच्या. त्याला दृष्टान्त होतात, तो माणसाच्या मनातलं सांगतो, अशी ख्याती होती. मेहुणीने पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘दृष्टान्तवाले’ ठेवलं.

कोरीव दाढीला रोज वस्तरा लागतो. दृष्टान्तवाले रोज सकाळी मामाच्या खुर्चीत येऊन बसत, तोंडावर गरम टॉवेल घेत आणि टॉवेलखालून म्हणत, “बोला, बंधू. तुमच्या बोलण्याने फार शांत वाटतं.”

असं मामाला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. दाढी आटोपली की गिऱ्हाइकं खुर्चीतच मन मोकळं करून जात, ते सगळं तो बोलला. गवंड्याचं आणि त्याच्या भावाचं कशावरून बिनसलं ते बोलला. शिक्षिकाबाईंचं ठरलेलं लग्न का मोडलं ते बोलला. पाववाल्याला एका कानाने ऐकू येत नाही आणि हे त्याने बायकोपासूनही लपवलंय, हेसुद्धा बोलला. “डावा कान,” मामा आरशाकडे बघत म्हणाला, “पार बंद. पण तुम्ही कुणाला सांगू नका हं.”

“माझं बोलणं फक्त प्रभूशी,” टॉवेल म्हणाला.

संध्याकाळच्या सभेत दृष्टान्तवाल्यांनी डोळे मिटले आणि हात वर केला. “इथे दोन भाऊ आहेत. मध्ये एक भिंत आहे. विटांची नाही, मनाची.” गवंडी हुंदके देऊ लागला. “एक भगिनी आहे, तिचं वरात निघण्याआधीच सगळं थांबलं.” शिक्षिकाबाईंनी पदर तोंडाला लावला. मामा थक्क झाला. ही गोष्ट आपल्याला माहीत होती ती देवालाही माहीत आहे! देवाचं आणि आपलं इतकं जुळतं, याची त्याला कल्पना नव्हती.

“आणि एक बंधू आहे,” दृष्टान्तवाले म्हणाले, “त्याचा डावा कान बंद आहे. त्याने घरातही सांगितलेलं नाही.”

पाववाल्याची बायको गर्रकन वळली. पाववाला उठून उभा राहिला आणि चाचरत म्हणाला, “आहे, साहेब, बंद आहे. पण तो उजवा.”

सभागृहात टाचणी पडली असती तर पाववाल्याखेरीज सगळ्यांना ऐकू आली असती. दृष्टान्तवाल्यांनी डोळे उघडले नाहीत. “बंधू, तू तुझ्या शरीराचं ऐकतोस की प्रभूचं?”

पाववाला गोंधळला. माणूस भाविक. त्याने थोडा विचार केला आणि डाव्या कानावर हात ठेवला. “प्रभू म्हणतोय म्हणजे डावाच असेल,” तो म्हणाला आणि खाली बसला. त्या दिवसापासून तो डाव्या कानाने ऐकेनासा झाला. उजव्याने तर ऐकतच नव्हता. पाव मागायला गेलेल्याला बिस्किटं मिळू लागली.

“आता मला सगळं ओरडून सांगावं लागतं,” त्याची बायको मेहुणीला म्हणाली. “आधी निदान अर्ध्या गोष्टी साध्या आवाजात व्हायच्या.”

त्यानंतर एका सकाळी टॉवेल नेहमीपेक्षा जास्त वेळ तोंडावर राहिला. “बंधू,” आतून आवाज आला, “तुमच्या घरात कुणाची तरी जागा रिकामी आहे.”

मामाच्या हातातला ब्रश थांबला. मग मात्र बांध फुटला. ती कशी होती, दारात कशी उभी राहायची, चहा आणायची, टोमणे कसे मारायची. सांगताना त्याची नजर आरशातल्या दारावर खिळली होती. गालावर तीळ होता, तो कुठल्या गालावर तेही सांगितलं. खिडकीजवळचं यंत्र सांगितलं. आणि शेवटी, जाताना ती काहीच बोलली नाही, हेही सांगितलं.

दृष्टान्तवाल्यांनी तोंडावरचा टॉवेल नीट केला. मग म्हणाले, “तिचा निरोप आहे. पण तो असा हजामतीच्या खुर्चीत यायचा नाही. मला एक खोली दिसतेय. खिडकी आहे, यंत्र आहे. ती खोली प्रभूच्या कामाला मोकळी व्हावी, तिथे त्याच्या सेवकाने मुक्काम करावा. परवा शेवटची सभा आहे. किल्ली घेऊन या. निरोप मिळेल.”

मामाने मेहुणीला सांगितलं तेव्हा तिच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. मग बोलली.

“भावोजी, ताईला तुमच्याशी बोलायचं असेल तर तिला मध्यस्थ लागेल का हो? तिने जिवंतपणी कधी कुणाची वाट बघितली?”

“तू समजून घे.”

“मी समजूनच घेतेय. देवाला राहायला तुमचीच खोली सापडली, तीही दुकानाच्या मागची, जिथे सकाळी उठल्याउठल्या दाढी होते. देव फार सोयीचं बघायला लागलाय.”

“तू अविश्वासी आहेस.”

“असेन. हे यंत्र कुठे नेऊ ते मात्र सांगा. सासऱ्यांच्या छातीवर मांडू?”

 मामा उठून पाळकांकडे गेला. पाळक गळ्याला लोकरी पट्टी गुंडाळून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि डॉक्टरांचा हुकूम मोडून घोगऱ्या आवाजात कुजबुजले, “मामा, गेलेल्यांचे निरोप मागायला आपल्याला बायबलात मनाई आहे. हे तुला माहीत आहे.”

“माहीत आहे,” मामा म्हणाला. “पण ऐकावंसं वाटतं.”

पाळकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. त्यांचीही बायको गेलेली होती. मग म्हणाले, “वाटणारच. फसवणारा माणूस तहान लागलेल्यालाच पाणी दाखवतो. मी त्याला फसवा म्हणत नाही. मी घरात पडून आहे, मला काय ठाऊक? पण नाणं वाजवून घे. खऱ्या नाण्याला वाजवलं तर राग येत नाही.”

“कसं वाजवू?”

पाळकांनी तोंड उघडलं, पण आवाज संपला होता. त्यांनी नुसतेच हात वर केले. मामाला काही अर्थबोध झाला नाही. त्याने तो होकार धरला, कारण त्याला होकारच हवा होता.

शेवटच्या सभेला सभागृह भरलं होतं. पाळकसुद्धा पट्टी गुंडाळून मागे येऊन बसले. मामा त्याच्या नेहमीच्या बाकावर बसला. इतकी वर्षं बायको त्याच्या उजव्या हाताला बसायची. ती जागा आजही कुणी घेतली नव्हती. मामाच्या मुठीत किल्ली होती, घामाने ओली झालेली. मेहुणी दोन बाकं मागे बसली होती. ती भांडायची थांबली होती, आणि त्याचंच मामाला जास्त लागत होतं.

दृष्टान्तवाल्यांनी डोळे मिटले. “मी एक भगिनी पाहतो. प्रकाशात उभी आहे. हातात पेला आहे. उजव्या गालावर तीळ आहे.”

 मामा उठून उभा राहिला, किल्लीची मूठ पुढे धरून. डोळे भरले होते. आणि सवयीने, आनंदाची गोष्ट तिला सांगावी म्हणून, त्याने उजवीकडे पाहिलं.

बाक रिकामा होता. पण इतक्या वर्षांचे लांबलचक उपदेश मामाने त्या बाकावर काढले होते आणि कंटाळा आला की तो तिचा गाल बघत बसे. तिची जी बाजू त्याच्याकडे असे, त्याच बाजूला तीळ होता. ती उजवीकडे बसायची. म्हणजे त्याच्याकडे असायचा तो तिचा डावा गाल.

मामा तसाच उभा राहिला. हात पुढे, तोंड उघडं.

“काय म्हणालात, साहेब? कुठला गाल?”

“उजवा, बंधू. स्पष्ट दिसतोय.”

“दुकानातून दिसतोय,” मामा म्हणाला.

“म्हणजे?”

“तीळ डाव्या गालावर होता. मी तुम्हाला उजवा सांगितला, कारण मी आरशात बघत होतो. पाववाल्याचा कान उजवा, मी सांगितला डावा. जगात ही चूक करणारा माणूस मी एकटा आहे. माझी बायको मला त्यावरून लाथ मारून गेलीय.” त्याने किल्ली खिशात टाकली. “देव काय माझ्या आरशातून बघतो का हो?”

कुणीतरी फस्सकन हसलं. दृष्टान्तवाल्यांचा चेहरा लाल झाला. “हा संशयाचा आत्मा बोलतोय!” ते गरजले. “प्रभूच्या सेवकाची परीक्षा बघतोस? शाप ओढवून घेशील!”

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पाळक उठले होते. त्यांचा आवाज कुजबुजीएवढाच होता, पण तेवढा पुरला. “राग आला,” ते म्हणाले आणि खाली बसले.

मग पाववाला उठला. त्याने डाव्या कानावरचा हात हळूच काढला. “मामा, म्हणजे माझा उजवाच ना?”

“उजवाच रे बाबा.”

“प्रभूची कृपा!” पाववाला ओरडला. त्याचा डावा कान जागच्या जागी बरा झाला. त्या सभेतला तो एकच चमत्कार.

एवढ्यात गवंड्याच्या डोक्यात प्रकाश पडला. “मामा, म्हणजे माझ्या भावाची भानगडही तुझ्या खुर्चीतूनच गेली होय?” शिक्षिकाबाईंनी तर मामाकडे असं पाहिलं की त्याला वस्तऱ्याची धार आठवली. या गडबडीत दृष्टान्तवाले बाजूच्या दाराने बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढीला आले नाहीत. त्यांच्या मुक्कामाची खोलीही रिकामी होती.

त्यानंतर मामाच्या दुकानात विलक्षण शांतता आली. गिऱ्हाइकं येत, पण ओठ घट्ट मिटून बसत. गवंडी तर डोळेसुद्धा मिटत नसे. मामा सगळ्यांकडे जाऊन माफी मागून आला. शिक्षिकाबाईंनी दार उघडलं नाही, दाराआडून “बघू” म्हणाल्या. मामाने तेवढ्यावर भागवलं.

निरोप काही आला नाही. ते त्याला सलत होतं. खोटा असला तरी कानांनी ऐकला असता, असं त्याला कधीकधी वाटे, आणि असं वाटलं म्हणून तो प्रार्थनेत क्षमा मागे.

एका सकाळी तो पाववाल्याची दाढी करत होता. दोघेही गप्प. मागच्या खोलीत यंत्र चाललं होतं, ते थांबलं. आरशातल्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं, हातात पेला.

“चहा.”

 आरशात बघत मामा नेहमीप्रमाणे ‘ठेव तिथे’ म्हणणार होता. मग त्याला दाढ आठवली, लाथ आठवली, गालावर हात धरून घरी येणारी ती आठवली. वळून बघत जा, मी मागेच असते. जायच्या कितीतरी आधी सांगून ठेवलं होतं तिने. त्याने वस्तरा मिटला, पाववाल्याला फेसासकट तसाच सोडला आणि पूर्ण वळला.

दारात मेहुणी होती. खांद्यावर मोजपट्टी, केसाला दोरा चिकटलेला, जागरणाने डोळे सुजलेले. गणवेशांची घाई होती आणि ती इतक्या पहाटेपासून काम करतेय, हे त्याने आजवर पाहिलंच नव्हतं.

“काय बघताय असं, भावोजी?”

“काही नाही. तू घेतलास का चहा?”

मेहुणी चपापली. हा प्रश्न त्या घरात नवा होता. “घेते,” ती म्हणाली. “आधी त्यांची दाढी पुरी करा. अर्धीच झालीय.”

“कुठली बाजू राहिलीय?” पाववाल्याने डोळे मिटूनच विचारलं.

मामाने तोंड उघडलं, आरशाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मग तो खुर्चीच्या पुढे आला, खाली वाकला, पाववाल्याच्या गालाला बोट लावलं आणि म्हणाला, “ही.”