मेथीचा भाव

पासंगाचा दगड हलत होता. बोटाच्या पेराएवढा चपटा खडा, जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून डाव्या पारड्याखाली बांधलेला — दोन्ही पारडी रिकामी, वाराही नाही, मग हा का हलतोय, असं बायडाबाई बघत राहिली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की तराजू अजून आपल्याच हातात आहे. गवार घेणारी बाई केव्हाच निघून गेली होती. तिने तराजू ओल्या गोणपाटावर ठेवला. शेजारी मुक्ताई आपल्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती, आणि ती सकाळपासून बोलली नव्हती.

एरवी मुक्ताईचं तोंड बंद नसायचं. लातूरकडची बाई, नवरा कुठल्याशा साइटवर वॉचमन, हडपसरच्या मंडईबाहेरच्या या रांगेत बायडाबाईच्या डाव्या हाताला तिचं गोणपाट. गावाकडची बोरं, नवऱ्याचं पिणं, मालकाची कुत्री, सगळं ती सांगायची आणि बायडाबाई हसायची. आज चहावाला आला तेव्हा तिने मान हलवून नको म्हटलं. नको का म्हणाली असेल… बरं नसेल. की काल आपण तिच्या आधी जाऊन जागा धरली, त्याचा राग? बायडाबाईने उगाचच वांगी एका रांगेत लावली, मग मोडली, मग पुन्हा लावली.

तशी तिला इथे बसायची गरज काय होती? हे तिला रोज कोणी ना कोणी विचारायचंच. कालव्याच्या अंगाचा मळा गेला आणि तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्याला आता बरेच दिवस झाले. ‘गेला’ म्हटलं की मुलगा, सर्जेराव, रागवायचा — गेला काय आई, आपण विकला. असेल. विकला. बंगल्यात धुण्याला बाई, भांड्याला बाई, स्वयंपाकाला मावशी, आणि सुनेच्या हाताखाली या सगळ्यांवर नजर ठेवायला आणखी एक बाई. पहिल्या वर्षी बायडाबाई अंगणात बसून गवत उपटायची. निम्मं अंगण साफ झालं तेव्हा माळी धावत आला आणि म्हणाला, आजी, हे गवत लावलेलं आहे, विकत आणून लावलंय. सगळं घर हसलं. तीही हसली. मग खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, कारण हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

मंडईत बसते म्हणाली तेव्हा सर्जेराव आधी हसला, मग भडकला — लोक माझ्या तोंडावर थुंकतील, म्हणतील पोराने आईला रस्त्यावर आणलं. मग काय झालं कोण जाणे, महिन्याभराने स्वतःच म्हणाला, बस. ड्रायव्हर कोंडीराम पहाटे मार्केट यार्डातून भाजी आणील, गाडी पलीकडच्या गल्लीतच थांबेल, कोणाला दिसायला नको. म्हणजे मेथी विकायला ही बाई एसी गाडीतून येते, असं साऱ्या रांगेला ठाऊक होतं आणि गाडीतून येते हे कोणाला ठाऊक नाही, असं फक्त सर्जेरावाला वाटत होतं.

पण ते सुख… ते कसं सांगायचं? समोरून कोणीतरी वाकतं, जुडी उचलतं, विचारतं — मावशी, कशी दिली? आणि आपण सांगतो. बस, एवढंच. मला कोणीतरी काहीतरी विचारतं आणि त्याचं उत्तर माझ्यापाशी असतं. बंगल्यात मला विचारतात ते ‘जेवलात का’ आणि ‘गोळी घेतलीत का’. इथे बायका मला हुडकत येतात, कोपऱ्यावरच्या मावशीची मेथी म्हणून. त्या बायकांसाठी सकाळी डोळा उघडतो. त्या नसत्या तर डोळा उघडला असता का, असं एकदा मनात आलं होतं, आणि ती घाबरून उठून बसली होती.

एक बाई आली. बोटात गाडीची किल्ली, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची निळी पट्टी. तिने मुक्ताईची जुडी उचलली, नाकाशी नेली, भाव विचारला आणि जुडी खाली टाकून बायडाबाईकडे वळली. तुमची कशी, मावशी? बायडाबाईने नेहमीचा भाव सांगितला, दोन जुड्या दिल्या, वर मूठभर कोथिंबीर टाकली. वर काही टाकल्याशिवाय तिचा हात मागे येतच नसे; सासूने तसंच शिकवलं होतं, मापापेक्षा मूठ मोठी पाहिजे. बाई गेली. शेजारचं पाणी शिंपडणं थांबलं.

“मावशी,” मुक्ताई म्हणाली — हळू, अजिबात न चिडता, म्हणूनच ते जास्त लागलं — “माजी अजून भवानी न्हाई झाली.”

म्हणून चहा नको होता. दिवसाची पहिली विक्री झाल्याशिवाय ती तोंडात काही घालत नसे, हे बायडाबाईला माहीत होतं. ऊन पार रस्त्यावर उतरलं होतं. बायडाबाईची भवानी तर गोणपाट अंथरता अंथरता झाली होती.

“ज्या भावात तुमी इकता, त्या भावात मला यार्डात बी मिळत न्हाई. तुमची हौस हाय, करा की. पर माज्याशेजारी नगा बसू, मावशी. मी पोटासाठी बसलीय.”

आधी आला तो संताप. हौस? माझी? अगं, मी इथे भाजी विकत होते तेव्हा ही मंडई नव्हती, नुसती चिंच होती, आणि सर्जा त्या चिंचेला बांधलेल्या झोळीत असायचा. डोक्यावर पाटी घेऊन मळ्यापासून इथवर अनवाणी यायची मी, आणि नवरा, गेनबा, मागून येऊन म्हणायचा, बायडा, तुझी जीभ फार स्वस्त. भाव कोणाला विचारून ठरवला नाही कधी. पान बघायचं, आभाळ बघायचं, गर्दी बघायची, आणि भाव आपसूक ओठांवर यायचा. अजूनही तसाच येतो. घरच्या पिकाला खरेदी कुठे असते? पाणी कालव्याचं, शेण गोठ्यातलं, पाठ आपली…

घरच्या पिकाला. ती तिथेच थबकली. ही मेथी घरची नव्हती. ही कोंडीराम कुठूनतरी, कोणाकडूनतरी, काहीतरी मोजून आणत होता, आणि काय मोजून, हे तिने एवढ्या दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच सुचलं नव्हतं. मळा विकला आणि भाव तेवढा मळ्याचाच राहिला.

“मेथी कशी दिली?”

समोर एक गृहस्थ उभे होते, हातात कापडी पिशवी. बायडाबाईने तोंड उघडलं. ओठांवर आलेला आकडा तिने गिळला. दुसरा आकडा येईना. मुक्ताई दुसरीकडे बघत होती, पण तिचा कान इकडेच होता, हे बायडाबाईला पाठमोऱ्या मानेवरून कळत होतं.

“विकायची आहे ना?” गृहस्थ म्हणाले. “की प्रदर्शनाला मांडलीय?”

आणि उत्तराची वाट न पाहता ते मुक्ताईकडे वळले. तिच्या भावाला थोडी घासाघीस केली, घेतली. मुक्ताईने नोट दोन्ही हातांत धरली, डोळे मिटले, कपाळाला लावली, क्षणभर तशीच राहिली… बायडाबाईला हेवा वाटला. लाज वाटायला हवी होती, बरं वाटायला हवं होतं, पण वाटला तो हेवाच. आपणही रोज नोट कपाळाला लावतो. रीत म्हणून लावतो. तो चेहरा आपला कधी झाला होता शेवटचा?

त्यानंतर तिने कोणालाच भाव सांगितला नाही. जुड्या तशाच पाटीत भरल्या आणि ती गल्लीत गाडीपाशी आली.

गाडीत तिने कोंडीरामला विचारलं. त्याने आरसा नीट केला, हॉर्न वाजवला, पुढे कोणी नव्हतं तरी वाजवला. साहेबांनी सांगितलंय, आजींना भाव सांगायचा नाही, असं शेवटी तो म्हणाला. तिने गाडी थांबवायला लावली. मग मात्र त्याने सगळं सांगितलं — यार्डातला भाव, ती विकायची त्याहून चढा, आणि हेही की वांगी आणि गवारीचंसुद्धा तेच. तिने गाडी चालू करायला सांगितलं. काचेतून रस्ता आवाज न करता मागे जात होता. म्हणजे इतके दिवस मी भाजी विकत नव्हते. मी गिऱ्हाईक विकत घेत होते. त्या वाकणाऱ्या बायका, ते ‘मावशी’, ते ‘तुमचीच मेथी लागते आमच्याकडे’… तेही सर्जाने आणून लावलेलंच.

सर्जेराव जेवायला घरी होता. तिने मुक्ताईचं, कोंडीरामचं सगळं पुढ्यात मांडलं; त्याने नाकारलं नाही.

“आई, तुझं मन रमतंय ना? मग भावाचं कशाला घिऊन बसलीस? त्या बाईची कुठं सोय लावायची तर लावून टाकतो.”

“भातुकली मांडून दिलीस मला, सर्जा.”

त्याने घास खाली ठेवला. तो ताटाकडे बघू लागला, मळ्यात मार खाल्ल्यावर बघायचा तसा.

“तू भिताडाकडं तोंड करून पडायचीस,” तो म्हणाला. “मी दारातनं बघायचो. दुसरं काय करायचं, मला सुचलं न्हाई.”

तिला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला आणि त्याच वेळी समोरचं ताट भिरकावून द्यावंसं वाटलं. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. तो हात धुऊन उठला तरी ती बसून होती. त्याने दिलं ते प्रेमाने दिलं, यात खोट नव्हती; आणि ते तिच्या कामाचं नव्हतं, यातही नव्हती. हे दोन्ही एका वेळी खरं कसं असू शकतं, हे तिला पेलवत नव्हतं.

दुपारभर ती खोलीत येरझाऱ्या घालत होती. जायचंच नाही, हा एक मार्ग. मुक्ताई सुखी, सर्जा सुखी, आणि मी… भिंत. किंवा जायचं, पण रांगेच्या दुसऱ्या टोकाला, नळापाशी, जिथे वास येतो म्हणून कोणी बसत नाही. स्वतः यार्डात जायचं, त्या हमालांच्या गर्दीत उभं राहून भाव काढायचा, परवडेल तोच सांगायचा. पण त्यानेही ती मुक्ताई होणार नव्हती. मेथी खपली नाही तरी रात्री बंगल्यात जेवण होतंच. भरल्या पोटाने बसणाऱ्याला तिथे बसायचा हक्क आहे का… आणि नसेल, तर भरलेल्या पोटाच्या माणसाने दिवसाचं करायचं काय? याचं उत्तर कोणी देत नाही. सगळे म्हणतात, आता आराम करा.

संध्याकाळी कोंडीराम दारात येऊन उभा राहिला, उद्याची भाजी काय आणू विचारायला. तू आणू नको, मी येते यार्डात, असं ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिलाच ते ऐकू आलं. कोंडीराम गोंधळून साहेबांच्या खोलीकडे बघत राहिला. तिने त्याला जा म्हटलं. शब्द परत घ्यावा का, असं तो जिना उतरेपर्यंत तिच्या मनात येत होतं.

कारण उद्या सगळ्यांचाच भाव सारखा. वर टाकायला मूठ नाही. मग कोपऱ्यावरच्या म्हातारीकडे कोणी का वळावं? निळ्या पट्टीची ती बाई येईल, जुडी नाकाशी नेईल, भाव ऐकेल… आणि टाकून पुढे जाईल. सगळ्याच जातील. ऊन रस्त्यावर उतरेल, जुड्या माना टाकतील, आणि कळेल की मावशी म्हणून कोणी कधी नव्हतंच, नुसता स्वस्त भाव होता. पोटात गोळा आला. उभ्या पिकावर गारांचा ढग चढताना यायचा तसाच, अगदी त्याच जागी. किती दिवसांत आला नव्हता. या घरात आल्यापासून तिला कशाचीच भीती अशी वाटली नव्हती.

खालून सुनेने जेवायला हाक मारली. बायडाबाई पलंगाच्या कडेवर बसली होती, पोटावर हात दाबून. तिला भीती वाटत होती, आणि ती हात काढत नव्हती, काढला तर मळ्यातली ती भीती पुन्हा निघून जाईल म्हणून.